काठीचा फेरा, उजेडाची रेघ आणि निळा छाप

काठी फिरवणाऱ्याचा फोटो १/१००० सेकंदाला काढला तर काठी थांबलेली दिसते, माणूसही थांबलेला दिसतो, आणि फिरवणं मात्र चित्रात उरत नाही. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर माणूस पुसला जातो आणि फेरा तेवढा उरतो. या दोन टोकांच्या मधे प्रयोगाला भरपूर जागा आहे. इथे दिलेली रीत अशी: काठीच्या टोकांना दिवे बांधायचे, अंधारात फेऱ्याची रेघ पकडायची, शेवटच्या क्षणी फ्लॅश मारून माणूस गोठवायचा आणि तयार झालेलं चित्र हाताने रसायन लावलेल्या कागदावर उन्हात निळं छापायचं. कामं तीन आहेत, पण पहिल्यातली ढिलाई तिसऱ्यात जाऊन उमटते. काठी, कॅमेरा आणि कागद म्हणून एकत्रच समजून घेतलेले बरे.

आधी वेगाचा हिशेब

तुलनेला आधी काठीविना, नुसत्या मुठीचा ठोसा घ्या आणि त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर धरा. १/१००० सेकंदात मूठ ८ मिलिमीटर सरकते, म्हणजे फोटोत जवळजवळ स्थिर. १/१२५ ला ती साडेसहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे बोटं ओळखू येत नाहीत. १/१५ ला अर्ध्या मीटरहून जास्त, म्हणजे मुठीच्या जागी नुसता धुरकट पट्टा. काठीचा वेग याहून जास्त असतो. १८० सेंटिमीटरची काठी मधोमध धरून सेकंदाला दोन फेरे घेतले तर तिचं टोक सेकंदाला ११ मीटरच्या वर पळतं, आणि त्याच क्षणी पकडीजवळचा भाग जेमतेम हलत असतो. फिरत्या काठीच्या फोटोत मधला भाग स्पष्ट आणि टोकं विरघळलेली दिसतात ती यामुळे. फोकस चुकला असं समजून लेन्सशी झटापट करू नका.

दिवे न बांधता नुसत्या हलत्या शरीरावर प्रयोग करायचा तर १/८ ते १/१५ च्या आसपास सुरुवात करा. अट एकच: चित्रात काहीतरी धारदार राहिलं पाहिजे. लाथेत टेकलेला पाय, ठोशात चेहरा. सगळंच हललं तर ती हललेल्या कॅमेऱ्याची चूक वाटते. हालचाल ताठ स्थिरतेत संपत असेल, जशी कातामधली, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकेतली, बहुतेक तंत्रं संपतात, तर शटर अशा बेताने दाबा की त्या शेवटच्या स्थिरतेचा थोडा वेळ आत यावा. शरीर तिथे ठाशीव बसतं आणि पट्टा त्याच्याकडे येताना दिसतो.

हे उन्हात जमत नाही. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१६ इतकं बारीक ठेवूनही शटर साधारण १/१०० च्या खाली नेता येत नाही. १/४ वर यायचं तर साडेचार स्टॉपहून जास्त प्रकाश कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लेन्सवर लावा, नाहीतर संध्याकाळची वाट बघा.

काठी बांधणं

टोकं पेटवून फिरवायच्या काठीला मराठीत बनेटी म्हणतात. ही तिची एलईडीवरची धाकटी बहीण. काठी हलकी घ्या, वेताची किंवा पातळ बांबूची. अंधारात अंदाज चुकतो आणि जड काठीचा मार हाडाला लागतो. पात्याचं किंवा टोकदार काहीही या प्रयोगात आणायचं नाही.

दोन्ही टोकांना सारख्याच वजनाचे छोटे दिवे हवेत. एका बाजूला दहा ग्रॅम जास्त झाले तरी पकड एका बाजूला ओढल्यासारखी होते आणि फेरा अंडाकृती पडतो. नुसता एलईडी एकाच दिशेला उजेड फेकतो, त्यामुळे काठी जराशी तिरपी झाली की रेघ तुटते. उपाय सोपा आहे: टेबल टेनिसच्या पांढऱ्या चेंडूला भोक पाडून तो दिव्यावर टोपीसारखा बसवा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. दिवा काठीवर कापडी टेपने आधी उभा बांधा, मग त्यावर आडवे तीन वेढे घ्या. नुसते आडवे वेढे फिरताना टोकाकडे सरकत जातात आणि दिवा गोळीसारखा सुटतो. बांधून झाल्यावर दिवसाउजेडी, कॅमेऱ्यापासून तोंड फिरवून, वीस जोरकस फेरे घ्या. टेप केसभर जरी सरकली असेल तरी सोडून पुन्हा बांधा.

दोन टोकांना दोन रंग दिले तर नंतर उपयोग होतो. छाप एकरंगी निघणार असला तरी चित्र कृष्णधवल करताना लाल आणि निळा वेगवेगळे गडद-फिके करता येतात, आणि कुठलं टोक कुठून गेलं ते कळतं.

आता एक गंमत. मंद करता येणारे बरेचसे स्वस्त एलईडी खरं तर मंद होत नाहीत, ते डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करतात. फोटोत अशा दिव्याची सलग रेघ येत नाही, ठिपक्यांची माळ येते. बरेच जण हा दिवा फेकून देतात. फेकू नका. दोन ठिपक्यांमधला वेळ सारखाच असतो, त्यामुळे अंतर जिथे मोठं तिथे काठी वेगात होती आणि जिथे ठिपके दाटले तिथे ती मंदावली. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असेल आणि ठिपके ११ सेंटिमीटरवर पडले असतील तर टोकाचा वेग ११ मीटर. मोजायला फूटपट्टी लागत नाही, फ्लॅशने गोठलेली काठी त्याच चित्रात असते आणि तिची लांबी तुम्हाला माहीत असते. फक्त फेरा आणि गोठलेली काठी दोन्ही कॅमेऱ्याला समांतर असले पाहिजेत. तिरप्या फेऱ्यात अंतरं आखडतात आणि हिशेब खोटा निघतो.

आठाच्या आकड्यासारखा फेरा घेऊन बघा. वळणावर ठिपके थोडे दाटणारच. पण मधल्या चौकात, म्हणजे छातीसमोर काठी ओलांडते तिथे, ते दाटत असतील तर मनगट तिथे अडखळतंय आणि हात बदलायला उशीर होतोय. शिकवणाऱ्याच्या नजरेतून सुटणारी गोष्ट इथे कागदावर दिसते. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी जोडप्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधून अशाच तुटक रेघांवरून कामाच्या हालचाली अभ्यासल्या होत्या.

खोली आणि कॅमेरा

खोली पूर्ण अंधारी करता यावी आणि फिरवणाऱ्याभोवती चारी बाजूंनी तीन मीटर मोकळं असावं. छताची उंची काठी उभी धरून, हात पूर्ण वर करून तपासा. जमिनीवर वायर नको. फिरवणारा अनवाणी असेल, त्याला काही दिसत नसेल आणि पाय सरकतच असतील. उभं राहायच्या जागी टेपची फुली मारा, कॅमेरा त्या फेऱ्याच्या बाहेर, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाने काठी पूर्ण थांबेपर्यंत पुढे यायचं नाही. खोलीत बोलायचं एकानेच, नाहीतर मोजणी चुकते.

मागे काळं, न चमकणारं कापड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंतर. फ्लॅश माणसापासून दीड मीटरवर आणि पडदा फ्लॅशपासून साडेचार मीटरवर असेल तर अंतर तिप्पट झालं म्हणून पडद्यावर प्रकाश नवव्या हिश्श्याने पडतो. तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक. पडदा जवळ असेल तर कितीही काळं कापड लावा, सुरकुत्या दिसतातच.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्समधलं स्थिरीकरण बंद. फुलीवर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर टॉर्च मारून फोकस लावा आणि लगेच मॅन्युअल करा. ऑटोवर राहिला तर कॅमेरा अंधारात फोकस शोधत बसतो आणि फेरा संपून जातो. सुरुवातीचे आकडे: आयएसओ १००, एफ/८, शटर ६ सेकंद. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको. एका बाजूला, छातीच्या उंचीवर, ताकद १/१६. पूर्ण ताकदीवर फ्लॅश जास्त वेळ जळतो आणि काठीचं टोक पुसट करतो. १/१६ वर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी कमी वेळात विझतो, त्यामुळे टोकही गोठतं.

फ्लॅशची वेळ रिअर कर्टनवर ठेवा, म्हणजे तो शटर बंद होण्याच्या अगदी आधी पडतो. बहुतेक कॅमेऱ्यांत मुळात याच्या उलट असतं. फ्लॅश सुरुवातीलाच पडतो, रेघ माणसाच्या पुढे काढली जाते आणि चित्रात तो मागे मागे चालल्यासारखा दिसतो. ही सोय नसेल किंवा मोबाइलच्या प्रो मोडवर काम करत असाल तर दुसरा माणूस बाजूला उभा करा. त्याने सुटा फ्लॅश हाताने, टेस्टच्या बटणाने, सहाव्या आकड्याला मारायचा. टॉर्चही चालतो, पण मग फिरवणाऱ्याला अर्धा सेकंद पुतळा व्हावं लागतं.

क्रम असा. दिवे लावून फिरवणारा फुलीवर उभा राहतो. खोली अंधारी होते. कॅमेऱ्यामागचा 'एक' म्हणून शटर दाबतो आणि ठाम लयीत मोजत राहतो. पाचपर्यंत फेरे, 'पाच'ला शेवटच्या पवित्र्यात यायचं, 'सहा'च्या आसपास फ्लॅश. पहिली चार-पाच चित्रं पवित्रा चुकण्यातच जातात, ते धरून चाला.

आता सर्रास होणारी चूक. रेघ फिकी आली की लोक सहाचे बारा सेकंद करतात. त्याने रेघ उजळत नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर दिवा समोरून जातो तेवढाच क्षण प्रकाश पडतो, मग शटर सहा सेकंद उघडं असो की साठ. रेघेचा उजळपणा दिव्याची ताकद, अॅपर्चर, आयएसओ आणि काठीचा वेग यांवर ठरतो. शटर लांबवून वाढतो तो फक्त दाराच्या फटीतून येणारा उजेड. रेघ फिकी असेल तर एफ/८ चं एफ/५.६ करा आणि फ्लॅशची ताकद एक पायरी उतरवा, कारण अॅपर्चरने फ्लॅशही उजळतो. रेघ जाड आणि जळकी असेल तर उलट दिशेने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

छातीतून रेघ आरपार गेल्यासारखी दिसली तर माणूस फिरवताना फुलीवरून सरकला आहे. आधी रिकाम्या जागेत काढलेली रेघ पुसली जात नाही, नंतर तिथे येऊन उभं राहिलेलं अंग तिच्यावर पारदर्शक बसतं. पाय एका जागी ठेवायचे, एवढंच.

छापायला निळा कागद का

सायनोटाइपची, म्हणजे उन्हात निळं छापायची, रीत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली, आणि पुढे इमारतींचे निळे नकाशे याच रसायनावर निघत. काळ्या पार्श्वभूमीवरची उजेडाची रेघ या रीतीला फार मानवते. काळं सगळं गडद निळं होतं आणि रेघ कोऱ्या कागदाची पांढरी राहते.

चित्र कृष्णधवल करा, छापायच्या मापाला ३०० पीपीआय (इंचाला ३०० बिंदू) ठेवा, उलटं म्हणजे निगेटिव्ह करा आणि आडवं पलटवा. पलटवायचं कारण, हे चित्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर छापायचं आहे आणि तिची शाईची बाजू रसायन लावलेल्या कागदाला टेकली पाहिजे. प्लॅस्टिकची जाडी मधे आली तर बारीक रेघ पसरते. छापण्याआधी मूळ चित्रातल्या गडद छटा थोड्या उचला, सायनोटाइपमध्ये त्या एकमेकींत मिसळतात आणि काळा पोशाख पडद्यात विरघळून जातो. इंकजेटसाठीची ओएचपी शीट वापरा, खरखरीत बाजूवर छापा, रात्रभर सुकू द्या. लेझर प्रिंटरचं टोनर या कामाला विरळ पडतं. तेच हाताशी असेल तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा.

रसायन

दोन द्रावणं वेगवेगळी करायची. पहिल्यात १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्याला २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं. दुसऱ्यात १०० मिलिलिटरला १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. तपकिरी बाटल्यांत भरून, नाव आणि तारीख चिकटवून एक दिवस मुरू द्या. वेगवेगळी ठेवली तर काही महिने टिकतात. सायट्रेटवर बुरशीचा साय धरतो, तो गाळून काढला की द्रावण पुन्हा चालतं.

हातमोजे घाला, भांडी आणि मोजमापं स्वयंपाकाच्या बाहेरची, पावडर तोलताना मास्क. फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणायचं नाही आणि ते तापवायचंही नाही, विषारी वायू सुटतो. पुढे धुण्याच्या पाण्यात जे व्हिनेगर येतं ते फार पातळ आहे, त्याची भीती नाही.

कागद २०० ते ३०० जीएसएमचा, जलरंगाचा. काही कागदांत टिकाऊपणासाठी खडूसारखा अल्कली मिसळलेला असतो, आणि हा निळा रंग अल्कलीत मरतो. तुकडा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात टाकून बघा. बुडबुडे आले तर दुसरा कागद शोधा.

पिवळ्या मंद बल्बच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून, दोन्ही द्रावणं समसमान मिसळा. ए-फोर कागदाला २ आणि २ मिळून ४ मिलिलिटर पुरतं. स्पंजचा ब्रश किंवा लोखंडी पट्टी नसलेला मऊ ब्रश घ्या, लोखंड लागलं तर निळे डाग पडतात. आधी आडवे हात, लगेच उभे हात. डबकं राहू देऊ नका. चमक गेली की थांबा. सुकत आलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवला की कागदाची लव उठते. कोटिंग पिवळसर हिरवं दिसलं पाहिजे. अंधारात तासभर सुकवा आणि त्याच दिवशी वापरा. उरलेलं मिश्रण ठेवण्यात अर्थ नाही.

ऊन आणि पाणी

वेळ ठरवायला आधी एक पट्टी खर्ची घाला. कोटिंग केलेल्या पट्टीच्या अर्ध्या रुंदीवर कोरी ओएचपी शीट, अर्धी उघडी. पुठ्ठ्याने झाकत झाकत २, ४, ६, ८, १२ मिनिटांचे टप्पे द्या आणि धुवून सुकवा. ज्या टप्प्यावर शीटची कडा पहिल्यांदा दिसेनाशी होते, म्हणजे शीटखालचं निळं आणि उघडं निळं एकसारखं होतं, ती तुमची वेळ. त्याहून जास्त ऊन दिलं तर निळा आणखी गडद होत नाही, पांढरी रेघ मात्र निळसर होऊ लागते. स्वच्छ उन्हात हा आकडा साधारण ५ ते १५ मिनिटांत येतो. दुपारची पट्टी संध्याकाळी चालत नाही.

कागद, त्यावर शाई खाली करून निगेटिव्ह, त्यावर ४ मिलिमीटरची काच, मागे सपाट फळी, चार कोपऱ्यांना चिमटे. काच हातात धरून चालणार नाही, मधे हवा राहते आणि चित्राचा मधला भाग मऊ येतो. उन्हात रंग पिवळसर हिरव्याचा निळसर करडा होतो आणि मग गडद भाग राखाडी-तपकिरी, जरा धातूसारखे दिसू लागतात. कागद बिघडला असं तेव्हा वाटतं, पण तो तयार होत असतो.

लिटरभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्यात दोन मिनिटं, छाप पालथा ठेवून हलवत. मग साध्या पाण्यात दहा मिनिटं, रेघेतला पिवळा पूर्ण जाईपर्यंत. पिवळा राहिला तर काही दिवसांत रेघ निळी पडते. निळा हवेत सुकताना दिवसभर गडद होत जातो. घाई असेल तर लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून अर्धा मिनिट बुडवा, निळा डोळ्यांदेखत गडद होतो. तो अंतिम रंग असतो, त्यामुळे पट्ट्या तपासताना हे जरूर करा.

पाण्यात निळा वाहून जात असेल तर ऊन कमी पडलं, कोटिंग जाड झालं, नाहीतर ते नीट सुकलं नव्हतं. धुण्याआधीच कागद निळा असेल तर कुठेतरी उजेड लागला किंवा मिश्रण शिळं होतं. छोटे पांढरे ठिपके म्हणजे काचेवरची धूळ.

उलटा प्रयोगही करून बघा: निगेटिव्ह न करता चित्र तसंच छापा. पांढऱ्या कागदावर शाईने ओढल्यासारखा निळा फेरा येतो. इथे जवळजवळ सगळी शीट शाईने भरलेली असते आणि एकाच थराची शाई ऊन पुरतं अडवत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी आभाळासारखी फिकी निळी राहते. दोन शीट जोडल्या की ती पांढरी होते. ठिपक्यांची माळ या रीतीत जास्त उठून दिसते.

रंग बदलायचा असेल तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा घाला. छाप त्यात अर्ध्या मिनिटात फिका जांभळट-पिवळा होतो. लगेच धुवून कडक, गार केलेल्या चहाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. चहातल्या टॅनिनमुळे तो काळपट तपकिरी होतो. कागदही चहाळतो, त्यामुळे रेघ पांढरीशुभ्र हवी असेल त्याने हे करू नये.

सुती कापडावर हेच रसायन चालतं. कापड आधी खळ जाईपर्यंत धुवा, ऊन थोडं जास्त द्या आणि पुढे ते कधीही सोड्याच्या साबणाने धुऊ नका. टांगलेला छाप उन्हात फिकटला तर काही दिवस कपाटात, अंधारात आणि हवा खेळेल असा ठेवा, बराचसा निळा परत येतो. सोड्याने गेलेला येत नाही.